जाळीची शाल भेट द्यायची आहे? विणीतल्या चुका कशा सुधाराव्यात आणि शेवटचा हात कसा फिरवावा

स्वतःसाठी विणलेल्या वस्तूवर आपलं लक्ष असतं. टोक बाहेर आलं तर खोचतो, टाका सैल दिसला तर सुईने ओढून घेतो. भेट मात्र दुसऱ्या घरी जाते. तिथे ती बाळाच्या मुठीत सापडते, घाईत बादलीत बुचकळली जाते, कधी जीन्सबरोबर मशीनमध्येही फिरते. त्या घरात लोकर हाताळणारं कुणी असेलच असं नाही. म्हणून भेटीच्या विणकामात प्रत्येक टप्प्यावर मी एकच बघते: आपण तिथे नसताना हे टिकेल का? कुठली चूक सुधारायची, कुठली राहू द्यायची, टोक किती लांब ठेवायचं, बटण कसं लावायचं, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

साताऱ्यात हिवाळ्याच्या तोंडावर लोकरीच्या दुकानांत गर्दी होते ती बहुतेक बाळंतविड्यासाठी. टोपडं, झबलं, मोजे आणि वर पांघरायला जाळीची शाल. टोपडी-मोजे एका बैठकीत होतात आणि त्यातल्या चुकाही लगेच दिसतात. शालीचं तसं नसतं. आठवडेच्या आठवडे ती सुईवर असते आणि खाली झालेली चूक वीतभर वर गेल्यावर कळते. म्हणून आधी शालीकडे वळू.

जाळी वाचायला शिका

जाळीची सगळी वीण दोन गोष्टींवर चालते. लोकर पुढे घेतली की एक भोक पडतं आणि एक टाका वाढतो. दोन टाके एकत्र विणले की एक टाका कमी होतो. वाढ आणि घट यांचा हिशेब जुळला की ओळीतले टाके तेवढेच राहतात. नमुना कितीही अवघड दिसला तरी आत हाच जमाखर्च असतो.

उदाहरणासाठी लाटांची वीण घेऊ. ही मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची, पण आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या विणली जाते. एका लाटेला १८ टाके लागतात आणि चार ओळींत नमुना पुरा होतो. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र सुलट असं तीन वेळा, मग लोकर पुढे घेऊन एक सुलट असं सहा वेळा, मग पुन्हा दोन-दोन एकत्र तीन वेळा. चौथी ओळ उलट बाजूने असली तरी सुलट विणायची, त्यामुळे वरच्या बाजूला एक उठावदार रेघ येते. तिसऱ्या ओळीत सहा टाके घटले आणि सहा वाढले, म्हणजे लाट पुन्हा १८ वर आली.

प्रत्येक लाटेच्या सीमेवर सुईवर वेगळ्या रंगाच्या लोकरीचा छोटा फासा अडकवा. सगळी ओळ मोजत बसण्यापेक्षा लाटेगणिक १८ मोजणं सोपं जातं. मोजायची योग्य वेळ म्हणजे चौथी ओळ. तिसऱ्या ओळीत झालेली चूक तेव्हा सुईखालीच असते आणि तिथल्या तिथे सुधारता येते.

टाके १७ भरले तर आधी भोकं मोजा. पाचच असतील तर एकदा लोकर पुढे घ्यायची राहिली. सहा असतील तर कुठेतरी दोनऐवजी तीन टाके एकत्र आलेत, नाहीतर एक टाका गळलाय. १९ भरले तर एक भोक जास्त पडलंय किंवा एक जोडी एकत्र करायची राहिलीय. लोकरीचे पदर फाटून एकाच टाक्याचे दोन दिसत असतील, तेही तपासा. सगळ्यात फसवी चूक म्हणजे १८ बरोबर भरतात, पण एक भोक राहिलेलं असतं आणि एक जोडीही राहिलेली असते. हिशेब जुळतो आणि लाट वाकडी जाते. म्हणून टाक्यांबरोबर भोकंही मोजायची, ही सवय लावून घ्याच.

आधाराचा दोरा

दुरुस्ती शिकण्याआधी ही एक गोष्ट शिका. दुसरी, म्हणजे साधी उलट ओळ पुरी झाली की स्वेटर शिवायच्या बोथट सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवा आणि विणायच्या सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून तो पार करा. टाके सुईवरच राहतात, दोरा त्यांच्यातून आडवा जातो. दोन्ही टोकं वीतभर बाहेर लोंबती ठेवा. लाटेच्या सीमेवरच्या खुणेच्या फाशांतून दोरा जाऊ देऊ नका, नाहीतर फासे तिथेच अडकून बसतील. मग नेहमीसारखं विणत राहा. वर काहीही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवा. उसवण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते आणि सगळे टाके दोऱ्यावर उभे सापडतात.

दोरा लोकरीपेक्षा बारीक आणि वेगळ्या रंगाचा असावा, पण पक्क्या रंगाचा. पांढऱ्या शालीत लाल कच्चा दोरा घातला आणि हाताला घाम असला तर गुलाबी रेघ कायमची राहते. मी फिकट निळा किंवा पिवळा शिवणदोरा दुहेरी करून वापरते. नवीन विणणाऱ्यांनी दर आठ ओळींनी दोरा घालावा, सरावलेल्यांनी वीस ओळींनी घातला तरी चालेल. शेवटचे दोन दोरे आत राहू द्या, त्याखालचे काढत चला. दोरा घातल्यावरची पहिली ओळ सावकाश विणा, कारण सुईचं टोक टाक्याबरोबर दोराही उचलतं आणि मग तो ओढून निघत नाही.

दोरा घातलाच नसेल तरी मार्ग आहे. चुकीच्या खालची एखादी साधी ओळ शोधा. त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय, म्हणजे फाशाची उजवी बाजू, एका बारीक सुईवर उचलत जा. इकडून तिकडे एकाच ओळीत राहणं महत्त्वाचं. उचललेले टाके मोजा. लाटा गुणिले १८ अधिक काठाचे टाके एवढे भरले तरच वरची सुई काढा आणि उसवा. कमी-जास्त भरले तर तुम्ही मध्येच वरच्या किंवा खालच्या ओळीत घसरलात, तिथून पुन्हा उचला. हे दिवसाउजेडी करायचं काम आहे. गडद रंगाची लोकर असेल तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, टाके उठून दिसतात.

भोक राहिलं, भोक जास्त झालं

राहिलेलं भोक चौथ्या ओळीत लक्षात आलं तर काम अर्ध्या मिनिटाचं. ते जिथे हवं होतं तिथे दोन टाक्यांच्या मध्ये खाली एक आडवा धागा दिसतो. डाव्या सुईचं टोक समोरून मागे घालून तो उचला आणि साधा सुलट विणा. मागच्या बाजूने विणलात तर पीळ पडून भोक बंद होईल. हे भोक शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसतं, कारण पुढे लोकर घेताना जी जास्तीची लोकर मिळते ती इथे मिळालेली नसते. दोन्हीकडच्या दोन-तीन टाक्यांतून सुईच्या टोकाने थोडी थोडी लोकर सरकवून द्या. राहिलेला फरक धुताना भरून निघतो.

तीच चूक दोन-तीन ओळींनंतर दिसली तर तोच आडवा धागा क्रोशाच्या सुईवर घेऊन वरचे आडवे धागे एकेक करत त्यातून काढत वर यायचं. पण वर टाक्यांची नवी रांग उभी करायला लोकर शेजारून ओढावी लागते. खऱ्या लोकरीत ती धुतल्यावर पसरते, अ‍ॅक्रिलिकमध्ये चुणी राहते. म्हणून अ‍ॅक्रिलिक असेल आणि चूक तीन ओळींपेक्षा खाली असेल तर मी सरळ उसवते.

जास्तीचं भोक मात्र कधीही सापडलं तरी सोपं. ते सुईवरच असेल तर सोडून द्या आणि सैल झालेली लोकर दोन्हीकडे वाटा. चार ओळी खाली असेल तर त्याच्या वरचा टाका सुईवरून सोडा आणि रांग खाली सुटू द्या. भोकापाशी ती आपोआप थांबते, कारण त्याच्या खाली टाकाच नसतो. मग मोकळी झालेली लोकर आजूबाजूला सरकवा. सुरुवातीला तिथे शिडीसारखी फट दिसेल. घाबरू नका, ती धुतल्यावर मिटते.

गळलेला टाका

टाका गळला की पहिलं काम म्हणजे हात थांबवणं. वीण ओढून बघू नका, झटकू नका. सेफ्टी पिन त्या फाशात अडकवा, मग खोल श्वास घेऊन बघा तो कुठपर्यंत गेलाय.

साध्या विणीत गळलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडीच्या पायऱ्यांवरून वर आणणं बहुतेकांना येतं. जाळीत तीन ठिकाणी डोकं लावावं लागतं.

टाका भोकापर्यंत सुटला असेल तर खाली फासाच सापडत नाही, नुसता आडवा धागा दिसतो. तो आडवा धागाच भोक आहे. क्रोशाची सुई त्याच्याखालून घाला, त्यालाच फासा माना आणि त्याच्या वरच्या धाग्यापासून चढायला लागा. सगळ्यात खालचा धागा कशातून तरी ओढून काढायचा प्रयत्न केला तर भोक जातं.

दोन टाके एकत्र केलेल्या जागी सुटला असेल तर खाली दोन फासे मोकळे होतात. दोन्ही पकडायचे. एक हातात आला की दुसरा विसरला जातो आणि तो महिन्याभराने त्या दुसऱ्या घरी सुटतो. क्रोशाची सुई समोरून आधी डावीकडच्या फाशात, मग उजवीकडच्या फाशात घाला आणि वरचा आडवा धागा दोन्हींतून एकदम ओढा. अशाने डावा टाका वर बसतो आणि जोडी उजवीकडे कलते, मूळ विणीसारखीच. काही नमुन्यांत जोडी डावीकडे कललेली असते, जिथे एक टाका न विणता उचलून पुढचा विणतो आणि उचललेला त्यावरून ओलांडतो. तिथे क्रम उलटा, उजवा फासा वर.

तिसरी जागा म्हणजे चौथ्या ओळीची उठावदार रेघ. सुलट दिसणाऱ्या ओळीत आडवा धागा फाशाच्या मागे असतो आणि सुई समोरून घालायची असते. रेघेच्या ओळीत तो फाशाच्या पुढे यायला हवा आणि सुई मागून घालायची. शेजारची रांग बघून चढलात तर चुकणार नाही.

एक लाटच बिघडली असेल तर

कधी बाकी सगळी शाल चांगली असते आणि एकाच लाटेत चार-सहा ओळी खाली गोंधळ असतो. शालीत दोनशे-अडीचशे टाके असतात, सगळं उसवणं जिवावर येतं. अशा वेळी तेवढीच लाट सोडून पुन्हा विणता येते.

शाल गादीवर किंवा जाड चटईवर सपाट पसरा आणि त्या लाटेच्या दोन्ही बाजू टाचण्यांनी पक्क्या करा. दोन्हीकडचे टाके दोऱ्यावर किंवा सुयांवर सुरक्षित घ्या. मग मधले १८ टाके सुईवरून काढून चुकीच्या ओळीच्या खालपर्यंत सोडा. समोर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. प्रत्येक धागा म्हणजे एक ओळ, सगळ्यात खालचा आधी. खालचे फासे मोजे विणायच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या बारीक सुईवर घ्या आणि तो पहिला धागा वापरून पहिली ओळ विणा, मग दुसरा, मग तिसरा. पालटायची गरज नाही. प्रत्येक ओळ वरच्याच बाजूने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विणायची. उलट बाजूची ओळ असेल तर ती वरून जशी दिसायला हवी तशी विणायची. म्हणजे दुसरी ओळ वरून सुलट आणि चौथी वरून उलट.

शेवटच्या तीन-चार टाक्यांना धागा अपुरा पडल्यासारखा वाटतो, कारण सुरुवातीचे टाके नकळत सैल होतात. म्हणून नेहमीपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्या. नंबरांबाबत एक सांगते: आपल्या दुकानातल्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. आता पाकिटावर मिमी छापलेले असतात, तेच बघून घ्या.

काय सुधारायचं, काय राहू द्यायचं

इथे मी कडक आहे, पण फक्त अर्ध्या गोष्टींत. ज्या चुकीमुळे वीण सुटू शकते ती सुधारायचीच. एकत्र करताना निसटलेला फासा, पदर फाटून अर्धाच पकडलेला टाका, नव्या लोकरीच्या जोडाजवळची सैल जागा. या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, पण बाळाचं बोट त्यातच अडकतं. ज्या चुकीमुळे वरच्या सगळ्या लाटा सरकतात तीही सुधारायची, कारण ती शाल पसरल्याबरोबर दिसते.

एखादं भोक राहिलं, एक जोडी उलट्या बाजूला कलली, एका ओळीत हात जरा घट्ट पडला, हे शाल हातभर लांब धरून बघा. शोधावं लागत असेल तर राहू द्या. बारशाला चार दिवस उरलेत आणि आपण पंधरा ओळी उसवतोय, अशा घाईत नव्या चुका होतात.

टाके बंद केल्यावर निसटलेला फासा सापडला तर त्याच लोकरीचा तुकडा बोथट सुईत ओवा, फाशातून पार करा आणि मागच्या बाजूला शेजारच्या टाक्यांच्या वाटेनेच तीन-चार टाके पुढे नेऊन खोचा. गाठ मारून भागवू नका. जाळीत गाठ लपत नाही, धुतल्यावर ती भोकातून वर येते.

टाके बंद करणं

जाळीची शाल धुऊन ताणल्यावर चांगलीच वाढते. काठ घट्ट बंद केला असेल तर मधलं अंग पसरतं आणि कड आखडून राहते. साधे टाके बंद करण्याऐवजी असं करा: दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर घ्या, तो आणि पुढचा पुन्हा मागून एकत्र विणा, शेवटपर्यंत हेच. उजव्या हातात दोन नंबर जाड सुई घ्या. वीतभर बंद झालं की काठ ताणून बघा. विणीइतका ताणला गेला नाही तर तेवढंच उसवून सैल हाताने करा.

सगळी टोकं निदान १५ सेंटिमीटर ठेवा. ती भोकांच्या आरपार न नेता, जिथे वीण भरीव आहे तिथून न्या, म्हणजे काठाच्या टाक्यांतून, उठावदार रेघेतून किंवा एकत्र केलेल्या जोड्यांच्या रांगेतून. थोडं पुढे जाऊन उलट फिरा आणि थोडं मागे या. अ‍ॅक्रिलिक निसरडं असतं, एकाच दिशेने खोचलेलं टोक पाच-सहा धुण्यांत बाहेर येतं. आणि खोचलेलं टोक आत्ताच कापू नका. शाल धुऊन, ताणून, वाळल्यावर कापा. आधी कापलं तर ताणताना ते आत ओढलं जातं आणि जोड उघडा पडतो.

आधी लोकर ओळखा

आपल्याकडे दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण गुंडीवरची चिठ्ठी वाचली तर बहुतेक अ‍ॅक्रिलिक निघतं. पुढची धुण्याची आणि ताणण्याची रीत यावरच अवलंबून आहे. चिठ्ठी हरवली असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाणी ठेवा. खरी लोकर जळलेल्या केसांसारखी वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटाने चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. सूत कागदासारखं जळतं.

माण-खटावकडच्या मेंढ्यांची लोकर जाळीच्या शालीला चालेल का, असंही विचारलं जातं. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि केसाळ असते. घोंगडीसाठी ती अस्सल, पाऊस-थंडी अडवते, पण बाळाच्या अंगाला टोचते आणि बारीक जाळी तिच्यात उठत नाही. बाळासाठी मऊ मेरिनो किंवा बाळांसाठीचं म्हणून विकलं जाणारं मऊ अ‍ॅक्रिलिक घ्या. भेट सांगली-मिरजेकडे जाणार असेल तर मी सूतच सुचवते. तिकडे थंडीचे दिवस थोडे. सुती जाळीचं दुपटं उन्हाळ्यातही वापरलं जातं आणि कुणीही कसंही धुवो, तग धरतं.

धुणं आणि ताणणं

सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेली, आखडलेली दिसते. त्यात निराश होण्यासारखं काही नाही, जाळी ताणल्यावरच उघडते. शेटलंडमधल्या बायका धुतलेल्या शाली लाकडी चौकटीवर ताणून वाळवत, ते याचसाठी.

खऱ्या लोकरीसाठी पसरट टबात गार किंवा अगदी कोमट पाणी घ्या, त्यात दोन-तीन थेंब शाम्पू. शाल दाबून बुडवा आणि अर्धा तास तशीच ठेवा. चोळणं नाही, पिळणं नाही, वरून नळाची धार नाही. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि शाल आटून नमद्यासारखी होते. त्यावर नंतर उपाय नाही. खळबळायचं पाणीही तेवढ्याच गारव्याचं घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, साबणाचा चिकटपणा जातो.

ओली जाळी स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून दोन्ही हातांवर पेलून उचला. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि तिच्यावर पाय देऊन उभ्या राहा. मग रिकाम्या गादीवर धुतलेली पांढरी सुती चादर किंवा जुनं धोतर पसरून त्यावर शाल मांडा. रंगीत चादर नको, तिचा रंग ओल्या शालीला लागतो.

न गंजणाऱ्या टाचण्या घ्या. आधी चार कोपरे, मग चारही बाजूंचे मध्य, मग मधल्या जागा. सरळ काठासाठी कडेच्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरी ओवून ती ताणली की काठाला दात पडत नाहीत. लाटांचा काठ असेल तर प्रत्येक लाटेच्या शेंड्याला एक टाचणी. टेपने दोन्ही लांब्या आणि दोन्ही कर्ण मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. भोकं उघडली आणि लोकर कुठेही तटतटलेली दिसत नाही, तिथे थांबा. पूर्ण वाळेपर्यंत हलवायचं नाही. साताऱ्यातल्या पावसाळ्यात पंखा रात्रभर सुरू ठेवूनही दुसरा दिवस लागतो, महाबळेश्वर-पाचगणीत त्याहून जास्त. शाल गालाला लावून बघा. गार लागली तर ती अजून ओली आहे. टाचण्या काढल्यावर मोजा, गादीतून एकही टाचणी शालीबरोबर जाता कामा नये.

अ‍ॅक्रिलिक असं ताणून वाळवलं तरी पुन्हा आखडतं, ते वाफेनेच बसतं. कोरडं पसरून टाचा, वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरा आणि वाफ सोडत हळूहळू पुढे सरका. इस्त्रीचा तवा विणीला लागला तर ती चपटी आणि चकचकीत होते. वाफेचा परिणाम कायमचा असतो, म्हणून आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून बघा. टोपड्याच्या, मोज्यांच्या लवचिक पट्टीला वाफ देऊ नका, पट्टीचा जीव जातो.

सुताला ओलं करून आकार दिला की झालं, वरून सुती कापड ठेवून इस्त्रीही चालते. टेबलावरच्या जाळीच्या रुमालाला तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या. घोंगडी विणणारे चिंचोक्याची खळ वापरतात, ती पांढऱ्या सुताला फार जड पडते. बाळाच्या कपड्याला मात्र कुठलीच खळ नको.

बाळाच्या कपड्यांचं शिवण आणि बटणं

झबल्याचे भाग आधी धुऊन ताणून घ्या, मग शिवा. सुलट बाजू वर ठेवून दोन काठ शेजारी मांडा. प्रत्येक काठाच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्यामधला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा असा उचलत जा आणि पाच-सहा धागे झाले की दोरा हलका ओढा. शिवण दिसेनाशी होते आणि आत बोचत नाही.

मोजे आणि हातमोजे उलटे करून आतून बोट फिरवा. आत एकही मोकळा धागा किंवा लांब फासा राहता कामा नये. तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला असा धागा गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो आणि बाळ का रडतंय ते मोज्यामुळे बराच वेळ कळत नाही. त्याच कारणाने बाळाच्या शालीला मोठ्या भोकांचा नमुना निवडू नका, बोटं अडकतात.

गळ्याशी ओवलेली रिबीन दिसते छान, पण ती ओढली जाते, तोंडात जाते, गळ्याभोवती फिरते. मी आता गळ्याशी रिबीन घालतच नाही. बटणही शक्य तर टाळा, खांद्यावर मागून पट्टी लावून टिचबटणं लावा आणि दर खेपेला ओढून तपासा. बटण लावायचंच असेल तर आतल्या बाजूला दुसरं लहान चपटं बटण ठेवून दोन्ही एकदम शिवा, म्हणजे ओढ विणीवर येत नाही. दोरा शिवणाचा पक्का घ्या, लोकरीने शिवलेलं बटण लवकर सैल होतं.

बांधून देताना

प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, विशेषतः पावसाळ्यात. धुतलेल्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळा, तोच तुकडा पुढे बाळाला उपयोगी पडतो. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे, जी-सिक्स-पीडी हे द्रव्य जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. आधीपासून अशा गोळ्यांत ठेवलेली शाल असेल तर ती बाळाला देऊ नका. वेखंडाचा तुकडा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि भेट देताना तीही काढून घ्या.

सोबत एक चिठ्ठी द्या. धागा कुठला, गार पाण्यात हाताने धुवायचं की मशीन चालेल, पिळायचं नाही, दोरीवर न लटकवता सपाट वाळवायचं, आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडावर शाल येऊ द्यायची नाही. अक्षर मोठं आणि वाक्यं छोटी असू द्या, कारण ती चिठ्ठी कपडे धुणाऱ्या हातात पडणार आहे. चिठ्ठीला त्याच लोकरीचा चार-पाच मीटरचा गुंडाळा आणि एक जादा बटण टाचून द्या. शाल कुठे उसवली तर त्याच रंगाची, त्याच धुण्यातून गेलेली लोकर मिळावी म्हणून तो गुंडाळा शालीबरोबरच धुवायला सांगा. आणि टाका सुटलेला दिसला तर ओढू नका, सेफ्टी पिन लावून शाल माझ्याकडे परत पाठवा, हेही चिठ्ठीतच लिहा.